तीन पेट्यांचा पाऊस

जहाज कोचीला लागलं तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि पाऊस असा पडत होता, की धक्क्यावरची माणसं दिसतच नव्हती, नुसत्या छत्र्या हलताना दिसत होत्या. आम्ही नाश्त्याला बसलो होतो. तेवढ्यात भिंतीतल्या कर्ण्यातून एका मुलीचा गोड आवाज आला. पावसामुळे शहर दाखवण्याची सहल रद्द केली आहे, कुणाला उतरायचंच असेल तर त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर उतरावं, ज्येष्ठ प्रवाशांनी मात्र शक्यतो जहाजावरच थांबावं. त्यांच्यासाठी अकरा वाजता तंबोला ठेवला आहे.

मी डोशाचा शेवटचा तुकडा चटणीत बुडवला आणि म्हणाले, "मी उतरणार."

हेमंत, माझा मुलगा, पुण्याला असतो. त्यानेच हौसेनं मला या सफरीवर आणलं होतं. त्याने कपाळाला हात लावला. "आई, अगं, पाऊस बघ जरा."

"बघूनच तर राहिली मी."

"इथून काचेतून सगळं दिसतं."

"काचेतून तर चेरीतालच्या घरी टीव्हीवरही दिसतं. त्यासाठी जबलपूरहून इतक्या लांब काहून आली मी?"

सुनेनं स्वतःचा रेनकोट काढून दिला. तिला माझा स्वभाव तिच्या नवऱ्यापेक्षा लवकर कळला आहे. मी एकोणऐंशी वर्षांची आहे, गुडघे माझे आहेत आणि ते कुठे न्यायचे ते मी ठरवते. तंबोल्यात म्हाताऱ्यांना बसवून ठेवणाऱ्या त्या गोड आवाजाचा मला मनापासून राग आला होता. आपल्या भल्यासाठीच कुणीतरी आपल्याला बसवून ठेवतं, तेव्हा माझ्या अंगात काहीतरी उठतं, आणि ते आजचं नाही.

शिडीवरून खाली उतरत होते. हेमंत मागून छत्री धरून, पुटपुटत येत होता. तेवढ्यात शेजारच्या मालवाहू जहाजानं भोंगा दिला. लांब, जाड, पोटातून आलेला आवाज. मी शिडीच्या कठड्याला धरून तशीच उभी राहिले. हेमंतला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. मी पासष्ट सालच्या भाद्रपदात उभी होते.

जबलपूरला समुद्र नाही. पण दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि फाटक उघडलं की जे बाहेर लोटायचं, ते पाहिलेल्या माणसाला समुद्राचं फारसं अप्रूप वाटत नाही. सायकली. हजारो सायकली, एकमेकींना न धडकता, घंट्या वाजवत, उतारावरून एका लोंढ्यानं येणाऱ्या. पावसाळ्यात त्यांच्यावर काळे रेनकोट आणि मेणकापडाच्या टोप्या. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर चाकांखालच्या पाण्याचा एकच सलग आवाज येई, मोठ्या तव्यावर काहीतरी परतत असल्यासारखा. त्या लोंढ्यातून माझे बाबा कोणते हे ओळखायला मी लहानपणी शिकले. ते एका हातानं हँडल धरत आणि दुसऱ्या हातानं डबा छातीशी. बाबा तिथं टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. पितळ, पोलाद, त्यांच्या नखांत कायमचं बसलेलं. घरात शिरले की आधी त्यांच्या तेलाचा वास शिरायचा आणि मग ते.

त्या वर्षी गणपती बसले आणि लढाई पेटली. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीपुढे आरतीनंतर रेडिओ लावू लागले. आधी देव, मग बातम्या, मग प्रसाद. ब्लॅकआउटसाठी घराघरांतल्या खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटवले गेले. पावसानं ते ओले होऊन सुटायचे आणि आई पुन्हा खळ करून चिकटवायची. बाबांची सुट्टी रद्द झाली. ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत. गावातल्या लहानसहान वर्कशॉपनाही काम मिळालं. मोठ्या कारखान्याला लागणारे बारीक भाग करून द्यायचे. आणि माणसं कमी पडू लागली म्हणून तपासणीसाठी मुली घेऊ लागले. मॅट्रिक झालेल्या, नजर चांगली असलेल्या.

मी एकोणीस वर्षांची होते. इंटर झाले होते. नागपूरचं एक स्थळ चालून आलं होतं आणि आई माझ्या हातात क्रोशाची सुई देऊन बसली होती. एके दिवशी मी ती सुई ठेवली आणि नाव देऊन आले.

"काहून जाते गं तू त्या खटारखान्यात?" आई म्हणाली. "लोक काय बोलून राहिले ऐकलं का? नागपूरवाल्यांना कळलं तर?"

"कळू दे. त्यांना पण सांगीन, तपासायचं काम आहे."

संध्याकाळी बाबांनी आपल्या जुन्या सायकलची सीट खाली केली आणि चेनला तेल घातलं. मर्दानी सायकल होती, मध्ये दांडा. साडी खोचून मी ती शिकले, चेरीतालच्या तळ्याकडच्या रस्त्यावर, दोनदा चिखलात पडून. तिसऱ्या दिवशी पडले नाही. मला बघायला ओट्यांवर आलेल्या बायका चौथ्या दिवशी आत निघून गेल्या. एवढंच असतं ते. तीन दिवस सोसावं लागतं.

कोचीत आम्ही रिक्षा केली आणि मट्टनचेरीला गेलो. रिक्षाच्या प्लास्टिकच्या पडद्यातून पाऊस आत येत होता. जुन्या वखारी, त्यांच्या कौलांवरून पाण्याच्या धारा, आणि सगळ्या गल्लीभर सुंठीचा वास. ओल्या हवेत तो वास नाकात नाही, घशात लागतो. एका वखारीच्या दारात आम्ही आडोशाला थांबलो. आत पाच-सहा बायका जमिनीवर बसून सुंठ निवडत होत्या. डाव्या हातानं ओढायची, नजर टाकायची, चांगली एकीकडे, किडकी मागे. न बघितल्यासारखं बघत. त्यातल्या एका बाईनं माझ्याकडे पाहिलं, हातानं "या, बसा" अशी खूण केली आणि एक गोणपाट सरकवलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. मी बसले. हेमंत दारातच उभा राहून फोनवर हवामान बघत होता.

तिच्या हाताकडे बघत राहिले. मलाही तेच येत होतं एकेकाळी.

वर्कशॉप पनागरच्या रस्त्याला होतं. पत्र्याची लांब शेड, आत पट्ट्यांवर चालणारे सहा लेथ, आणि जिथं जिथं पत्रा गळायचा तिथं तिथं खाली रिकामे डबे. पावसाचा, डब्यांचा आणि लेथचा, तिन्हींचा मिळून इतका आवाज, की आम्ही ओठ बघून बोलायला शिकलो. मी तपासायचे ती बोटाच्या पेराएवढी पितळेची टोपी. आत बारीक आटे. ती कुठं बसते ते आम्हांला सांगत नसत आणि आम्ही विचारतही नसू. मोठ्या कारखान्यानं चार दिवस शिकवून माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या होत्या. एक गेज आणि एक शिक्का. गेजला दोन टोकं. एक टोक टोपीच्या आट्यांत सहज फिरून आत गेलं पाहिजे. दुसरं, त्याला नो-गो म्हणत, आत जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर आटे घट्ट, दुसरं गेलं तर ढिले. घट्ट असेल तर पुन्हा करता येतं. ढिली टोपी मात्र हादऱ्यानं निघून येते, म्हणून ती सरळ फेकायची. पेटी भरली की तिच्यावरच्या चिठ्ठीवर मी शिक्का मारायचा. लाकडी मुठीचा रबरी शिक्का, सात नंबरचा. त्या शिक्क्याशिवाय पेटी कारखान्यात घेत नसत.

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या होकाराला किंमत आली होती. हे मी आज शहाणपणानं लिहिते आहे. तेव्हा फक्त एवढं कळत होतं, की शिक्का मारताना हात उगीचच जरा जास्त उंच जायचा.

माझ्या शेजारी रामकली बसायची. पनागरची. सकाळी भाजीच्या ट्रकवर बसून यायची, वांग्यांच्या टोपल्यांमध्ये. चाळिशीची, हाडापेरानं मोठी, दातांना मिशरी. मी पास केलेल्या टोप्या ती पेंढा घालून पेटीत लावायची. एकेक उचलायची, पदरानं पुसायची आणि नवजात पोराला निजवावं तशी ठेवायची. तिचा धाकटा भाऊ बिसन तोफखान्यात होता, तिकडे सीमेवर. आई लहानपणीच गेली, म्हणून तो हिनंच वाढवलेला. दर टोपीला ती मला विचारायची, "बिटिया, अच्छी है न?" मी मान हलवायची. दिवसाकाठी शेकडो वेळा. पहिल्या आठवड्यात मला त्याचा कंटाळा आला. नंतर तिनं विचारलं नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

पावसाचा जोर होता तो दिवस. परियट नदीला पूर आल्याची बातमी रामकलीनं सकाळीच आणली होती. दुपारी जेवून परत आले, पहिली टोपी घेतली, गेजचं पहिलं टोक गेलं, उलटं केलं आणि दुसरंही गेलं. बाजूला टाकली. दुसरी घेतली. तीही. मी गेज रॉकेलनं पुसला, पुन्हा लावला. गेला. दहा घेतल्या, त्यातल्या सात ढिल्या. लेथचं हत्यार झिजलं होतं आणि नवीन मिळत नव्हतं, लढाईमुळे काहीच वेळेवर मिळत नव्हतं. सकाळी मी कालचा माल तपासत होते, तेवढ्यात आजचं सगळं काम असंच निघालेलं. घाईत कारागिरांनी ते मला न दाखवताच रामकलीकडून तीन पेट्यांत भरूनही घेतलं होतं, फक्त शिक्का राहिला होता; तिन्हींतल्या टोप्या काढून पाहिल्या, तेच.

रामकलीनं विचारलं, "बिटिया, अच्छी है न?"

मी मान हलवली नाही.

मालक स्वतः आले. वाईट माणूस नव्हता, हे मला आजही सांगायचं आहे. त्यांचे डोळे लाल झाले होते, तीन दिवस झोपले नसतील. बाहेर कारखान्याचा ट्रक पेट्यांसाठी उभा होता. ते माझ्या टेबलावर वाकून म्हणाले, "बेटी, इतना बारीक कौन देखता है? लगा दे मुहर."

"नो-गो अंदर जा रहा है, साहब. तीनों पेटी में."

"जंग चल रही है. मोर्चे पर लड़के राह देख रहे हैं. तू यहाँ बैठके देश का माल रोकेगी?"

त्या दिवसांत 'देश' हा शब्द उच्चारला की समोरच्याचं तोंड बंद व्हायचं. भाजीवाला कमी तोलायचा आणि देश म्हणायचा. शाळेत फळ्यावर देश, दुकानावर देश. त्या शब्दापुढे कुणी नाही म्हणत नसे, कारण नाही म्हणणारा लगेच दुसऱ्या बाजूचा ठरायचा. मी एकोणीस वर्षांची पोर, मला काय सुचणार होतं? पण माझ्या शेजारी रामकली बसली होती. आघाडीवरचा मुलगा म्हणजे माझ्यासाठी कुणी चित्रातला जवान नव्हता. बिसन होता. त्याला लहानपणी गोवर आला होता, त्याला करेला आवडत नाही, हे सगळं मला माहीत होतं.

मी म्हणाले, "इसीलिए तो नहीं लगाऊँगी."

शेडमधला एक लेथ थांबला. मग दुसरा. मालकांनी तिकडे पाहिलं आणि त्यांना लाज वाटली असावी, कारण त्यांचा आवाज चढला. "मुहर इधर रख और घर जा. कल से आने की ज़रूरत नहीं."

मी उठले. जेवणाचा डबा उघडला, रिकामाच होता, त्यात शिक्का ठेवला, वर त्या ढिल्या टोप्यांतल्या तीन टाकल्या आणि डबा बंद केला. शिक्का त्यांनी दिलेला नव्हता. तो कारखान्यानं माझ्या हाती दिला होता. हे मी बोलले नाही, पण तेव्हा डोक्यात अगदी स्वच्छ होतं. मागून कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर रामकली त्या तीन पेट्यांपैकी मधल्या पेटीवर जाऊन बसली होती. "पैर दुख रहे हैं," असं सगळ्या शेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत होती. तिलाही त्यांनी त्याच दिवशी घालवलं. मला ते फार उशिरा कळलं.

मालक संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधीच, आमच्या घरी आले. बाबा नुकतेच आले होते, पायरीवर बसून ओले बूट सोडत होते. मालक अंगणातूनच बोलायला लागले. आपकी लड़की मुहर चुराके भाग आई है. जंग के टाइम में माल रोका है. इसका मतलब समझते हैं आप? आई दाराच्या फळीला धरून उभी होती. शेजारचे ओटे पुन्हा भरले.

बाबांनी मालकांकडे पाहिलंच नाही. बुटाची नाडी सोडता सोडता मला विचारलं, "नो-गो आत जाऊन राहिला होता?"

"हो."

"किती?"

"दहात सात."

त्यांनी दुसरा बूट काढला. दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, पाणी निथळेल असे तिरपे. मग उठून हात जोडले. "आइए भैयाजी, चाय पीजिए. मुहर नहीं मिलेगी."

मालक चहा न घेता गेले. जाताना म्हणाले, की उद्या पोलीस येतील आणि तुमच्या साहेबालाही कळेल. ते गेल्यावर बाबा पाण्याचा तांब्या उचलायला गेले आणि तो त्यांच्या हातातून पडला. तेव्हा मला समजलं, की एवढा वेळ ते किती घाबरले होते. मी म्हणाले, "बाबा, देऊन टाकू का शिक्का?"

"गेज खोटं बोलला का?"

"नाही."

"मग तू काहून बोलते?" ते म्हणाले. "उद्या तू स्वतः कारखान्याच्या फाटकावर जा. ज्यानं दिला त्याच्या हातात दे. मी नाही येणार सोबत. मी आलो तर म्हणतील, बापानं पढवलं."

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला निघाले. कमानिया गेटखालून गेले तेव्हा दुकानं उघडायची होती, पण चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, वही है, मुहरवाली. बातमी माझ्यापेक्षा जोरात सायकल चालवत होती. पुढचा सगळा रस्ता चढाचा, तोंडावर पाऊस, आणि माझ्यासोबत तो सायकलींचा लोंढा. मी त्यात पहिल्यांदाच आतून जात होते. कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली, पण बहुतेकांनी नुसती जागा दिली. लोंढ्यात शिरलं की लोंढा तुम्हांला घेऊन जातो.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. कुणाला भेटायचं? तपासणीच्या साहेबांना. चिठ्ठी? नाही. मग घरी जा. मी म्हणाले, थांबते. तो म्हणाला, थांब. रस्त्यापलीकडे कडुनिंब होता, त्याखाली सायकल लावून मी उभी राहिले. झाडाखाली पाऊस दोनदा पडतो, एकदा आभाळातून आणि एकदा पानांतून. दहा वाजले. बारा वाजले, भोंगा झाला. माणसं आली, बघून गेली. डब्यात शिक्का होता म्हणून मी जेवण आणलं नव्हतं. एकदा वाटलं, परत जावं, आई रडत असेल. एकदा वाटलं, मी कोण मोठी लागून गेले? एवढ्या मोठ्या लढाईत तीन पेट्या म्हणजे काय? पण पाय हलले नाहीत. मी शूर होते म्हणून नव्हे. मला इतकी भूक लागली होती आणि इतकी चीड आली होती, की त्या दोन्हींतून जायची वाटच सापडत नव्हती. शौर्य म्हणतात ते बहुधा असंच काहीतरी असावं. लोक नंतर त्याला चांगलं नाव देतात.

तीनच्या सुमाराला पहारेकरी स्वतः रस्ता ओलांडून आला. त्यानं आपली घोंगडी माझ्या डोक्यावर टाकली आणि म्हणाला, "बड़ी ज़िद्दी है तू. चल, नाम बता." आणि आत जाऊन फोन केला.

ते साहेब आले तेच, ज्यांनी मला गेज धरायला शिकवलं होतं. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. फाटकाच्या छपराखाली मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक टोपी उचलली, खिशातून आपला गेज काढला, लावला. दुसरी. तिसरी. मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, की आज सकाळीच या पेट्या बिनाशिक्क्याच्या आल्या आहेत. घाई आहे म्हणून वरून सूट मागितली आहे. कागद त्यांच्या टेबलावर होता, अजून सही व्हायची होती.

"हो जाती," ते म्हणाले. "शाम तक हो ही जाती."

शिक्का त्यांनी घेतला. मग मला म्हणाले, "घर जाओ. पेटियाँ नहीं जाएँगी."

मी सायकल घेतली. थोडं पुढे गेल्यावर पाठीवरची घोंगडी आठवली, परत जाऊन दिली. पहारेकऱ्यानं मला सलाम केला. थट्टेनं केला असेल. मी तो घेतला.

त्यानंतर काय झालं? फारसं काही नाही. पोलीस आले नाहीत. वर्कशॉपला नवं हत्यार मिळालं आणि त्यांचं काम चालू राहिलं. माझं काम गेलं ते गेलं. मला कुणी बोलावलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. नागपूरहून पत्र आलं, की मुलीचा स्वभाव आमच्या घरात बसणारा नाही. आईनं ते पत्र तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. बाबा महिनाभर दर संध्याकाळी दारात थांबून गल्लीकडे बघत, कुणी आलं आहे का म्हणून. त्यांची ती भीती मला आजही छळते. माझ्या एका 'नाही'ची किंमत त्यांनी अशी रोज थोडी थोडी भरली. मी पुढे शिकले, गणित शिकवलं, छत्तीस वर्षं. लग्न झालं ते माझ्यासारखाच हट्टी माणूस भेटला म्हणून. सासूबाई म्हणाल्या होत्या, ती फाटकावरची गोष्ट इथं कुणाला सांगू नको. मी त्यांचं तेवढं एक ऐकलं. अगदी हेमंतलाही कधी सांगितलं नाही. आज वाटतं, तेही ऐकायला नको होतं.

आणि म्हणून त्या दिवशी मट्टनचेरीच्या वखारीत, सुंठ निवडणाऱ्या बायकांमध्ये गोणपाटावर बसून, मी ते सांगितलं. हेमंतनं फोन केव्हा खिशात ठेवला ते मला कळलं नाही. तो दारातून आत आला होता आणि माझ्या शेजारी, चांगल्या पँटवर, खाली बसला होता. एक वाजेपर्यंत जहाजावर परतायचं होतं. बारा वाजून गेले होते. बाहेर पाऊस तसाच. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही.

"आणि ती रामकली?" त्यानं विचारलं.

रामकली दिवाळीच्या तोंडावर आली. लढाई थांबून तीन-चार आठवडे झाले होते, पाऊसही सरला होता. मी ओसरीवर उडदाची डाळ निवडत होते. फाटकाशी ती उभी. डोक्यावर टोपली, पण टोपली रिकामी. घर तिनं विचारत विचारत शोधलं होतं, चेरीताल में मुहरवाली कहाँ रहती है, असं. मी हाक मारली तरी ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "बिसन नहीं रहा."

पनागरला तार आली होती. तारेत एवढंच, की कामी आला. कसा, कुठे, कुणी सांगितलं नव्हतं. ती वर चढून आली, माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, नुसते कोरडे नव्हे, वाळलेले. आणि तिनं विचारलं, "बिटिया, वो तीन पेटी... गई तो नहीं थी न?"

हिशेबानं पाहिलं तर त्या टोप्या इतक्या दिवसांत सीमेवर पोचणंच शक्य नव्हतं. हे मला माहीत होतं. पण तिचा प्रश्न हिशेबाचा नव्हताच. आपल्या हातांनी पेंढा घालून निजवलेलं काही त्याच्यापर्यंत गेलं का, एवढंच ती विचारत होती. महिनाभर ती तो प्रश्न डोक्यावर घेऊन हिंडत होती. आणि मी तिच्या डोळ्यांत बघून, एक क्षणही न अडखळता सांगू शकले, "नहीं गई, दीदी. मैंने खुद रुकवाई."

"पक्का?"

"पक्का."

तिनं टोपली खाली ठेवली. पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तिनं तो सगळा पिऊन संपवला, तोंड पुसलं, पदर नीट केला. मग ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "तो अब रो लूँ."

आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, ती रडायला लागली. शेजारच्या बायका बाहेर आल्या, आई आतून धावत आली, हळू, हळू म्हणत. मी आईला हातानंच थांबवलं.